मी चादर नाही

बसस्थानकात तिला सगळे ‘भोंगा’ म्हणत. गाडी कुठली, कुठल्या फलाटावर, उशीर किती, हे ती माइकवर असं ठणकावून सांगायची की बाकावर घोरणारा प्रवासीही पिशवी उचलून धावत सुटायचा. मग मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडून भलतेच शब्द यायला लागले. पाणी हवं असलं की ‘साबण’ यायचं, खिडकी म्हणायला गेलं की ‘फलाट’. चुकलेला शब्द तिला स्वतःलाही ऐकू यायचा. ती चरफडायची.

त्या दुपारी मुलगा तिच्या उशाशी उभा राहून बहिणीशी फोनवर बोलत होता. “अगं, तिला कळतंय कुठे! सोमवारी त्या वृद्धांच्या संस्थेत नेऊन ठेवू. तपासणीला चाललोय म्हणून सांगायचं. एकदा रुळली की झालं.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटचा गोळा, आणि माझ्याच घरात माझीच वासलात लावतोय! मी कुठेही जाणार नाही, असं तिला म्हणायचं होतं. मनात वाक्य लख्ख होतं. बाहेर आलं, “मी चादर नाही!”

“हो हो, बदलतो हं चादर,” म्हणत त्याने तिचा गाल थोपटला. तान्ह्या पोराचा थोपटावा तसा.

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. डाव्या हाताने तिने त्याचा हात झिडकारला.

“हरामखोरा! चालता हो!”

एक अक्षर चुकलं नाही. मुलगा थिजला. आईच्या तोंडून शिवी त्याने आजवर ऐकली नव्हती.

“हे बरं आलं तोंडातून!” तो कसाबसा म्हणाला.

बोलण्याचा सराव घ्यायला आलेली थेरपिस्ट मघापासून दारातच उभी होती. “रागाचे शब्द मेंदूतून वेगळ्या वाटेने येतात. मावशींना अर्थ सगळा कळतो, फक्त शब्द शोधायला गेल्या की शेजारचंच दार उघडतं. तुम्ही फोनवर बोललात ते सगळं कळलंय त्यांना.”

“छे!”

थेरपिस्ट पलंगाशी वाकली. “मावशी, सोमवारी तपासणीला न्यायचंय का तुम्हाला?”

मान जोरात हलली. नाही.

“संस्थेत?”

हो.

“जाणार?”

तिने उशाजवळचा काचेचा पेला उचलला आणि मुलाच्या पायाशी आपटला.

“आई, मला वाटलं...” एवढंच बोलून तो काचा वेचत बसला. मग तिच्यासमोरच त्याने बहिणीला फोन लावला. “नाही नेत आपण. तिने सगळं ऐकलंय.” फोन ठेवून त्याने विचारलं, “रागावलीस?”

तिने मान डोलावली. आई उत्तर तरी देतेय, म्हणून हायसं वाटून तो हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी तो भरवायला बसला, तर तिने त्याच्या हातातला चमचा ओढून घेतला. डाव्या हाताने खाऊ लागली. निम्मं पोटात, निम्मं अंगावर. पुसायला तो पुढे सरसावला, पण तिने असं पाहिलं की तो मुकाट मागे सरला.