शेवटचा विषय

सभेत बसचा विषय अगदी शेवटी ठेवला होता, आणि वर ब्रेझे गावाला जाणारी शेवटची बस त्याच्या आधीच सुटणार होती. हे मुद्दाम केलं होतं का, ते नगराध्यक्ष प्लामेनलाच ठाऊक; पण नेवेनाकाकू काही दूधखुळी नव्हती.

दह्याची रिकामी बरणी मांडीवर घेऊन ती बसली होती. तिची धाकटी बहीण यान्का इथेच, खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात असे. पक्षाघात झाल्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या चमच्याने जेमतेम दोन घोट पेज घेई; पोटभर खाई ती फक्त नेवेनाच्या हातून. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी नेवेना सकाळच्या बसने खाली येई, तिला भरवी आणि संध्याकाळच्या बसने परत जाई. ही संध्याकाळची बस बंद झाली की परतणं संपलं, म्हणजे येणंही संपलं.

इकडे चर्चा चालली होती चौकातल्या कारंज्याची. दिवे निळे की पिवळे?

"निळे लावले तर लोकांना दवाखाना वाटेल!" नगरसेवक दोब्री तिसऱ्यांदा उठून म्हणाला.

"आणि पिवळे लावले तर पाणी कशासारखं दिसेल, सांगू का चारचौघांत?" मागून कुणीतरी टोला हाणला. सभागृह खो खो हसलं. नेवेनालाही हसू फुटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

ब्रेझेची माणसं एकेक करून उठू लागली. शेजारीण स्तानाने तिची बाही ओढली. "चल गं, बस सुटेल."

"तू हो पुढे. मी बोलूनच येते."

"येशील कशाने? चेटकिणीसारखी झाडूवर बसून?"

बसचालक मित्को आपली माणसं मोजून घेई, आणि जो कमी असेल त्याच्यासाठी हॉर्न वाजवी. आज त्याने दोनदा वाजवला. मग एकदा लांबलचक. मग बसचा आवाज चढावर विरत गेला. नेवेनाने बरणी घट्ट धरली.

शेवटी प्लामेनने चष्मा काढला. "संध्याकाळची ब्रेझेची बस बंद करावी, असा प्रस्ताव आहे. निधी अपुरा, बस रिकामी धावते. आणि विरोध म्हणाल, तर ब्रेझेचं इथे कुणी दिसतही नाही."

"मी आहे की," नेवेना उभी राहिली. "बाकीचे तुझ्या त्या रिकाम्या बसमध्ये बसून गेले."

या वेळी कुणी हसलं नाही. तिने घरून बरंच काही घोकून आणलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं एकच आठवलं. "माझी बहीण पोटभर खाते ती माझ्याच हातून," एवढंच ती म्हणाली. "बस बंद झाली तर ती उपाशी राहील."

"पण काकू, आता तुम्ही घरी कशा जाणार?" प्लामेनने विचारलं, आणि ते अगदी मनापासून. माणूस वाईट नव्हता. त्याने खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "थांबा, मी गाडीने सोडतो."

"सोड बाबा, देव तुझं भलं करो. आणि शुक्रवारी?"

प्लामेन दोन ओळींचा प्रस्ताव पुन्हा वाचत बसला.

"आधी मतदान घे," दोब्री हळूच म्हणाला. "मग काकूंना सोड. वर पोचेपर्यंत तुलाच त्यांच्या शेजारी बसायचंय."

"बस बंद करावी, असं कुणाचं मत आहे?" प्लामेनने विचारलं.

नेवेना एकेक हात बघत गेली. दोब्रीचे हात मांडीवर होते, बाकीच्यांचेही. प्रस्ताव लिहिणारा प्लामेनचा हात गाडीच्या किल्ल्यांवर होता, आणि तो तिथून हलला नाही.