एकच झारी

"तुम्ही या खोलीत एकदाही पाऊल टाकलेलं नाही, आणि म्हणता दोघांतला एक निवडा," झारीकाकानं वरून आलेल्या तुलनेच्या तक्त्याच्या माथ्यावरच लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

कॉलेजच्या काचघरात त्याच्या हाताखाली दोनच जीव उरले होते. टाकीतलं समुद्रफूल, दिसायला फूल पण जातीनं प्राणी. आणि कुंडीतलं झुडूप, ज्याची रानातली भावंडं कधीच संपली होती. वरून हुकूम आला होता: जागा एकालाच, तुलना करून शुक्रवारपर्यंत कळवा. कमी गुणांचं टाकून द्यायचं.

स्पर्शाला प्रतिसाद? समुद्रफूल बोट लागताच मिटतं. झुडूप ढिम्म. गेल्या अकरा वर्षांत फूल? त्यानं लिहिलं, 'नाही'. अकरा वर्षं, एकदाच पडलेला खंड सोडला तर सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तो एकाच झारीनं दोघांना पाणी घालत आला होता. टाकीतलं पाणी उडून जाई, मीठ मागं राही. खुणेपर्यंत गोडं पाणी भरलं नाही, तर समुद्रफूल आक्रसून जाई. उरलेली झारी झुडपाला. घरी तरी आता वाट बघणारं कोण होतं?

झाडायला आलेल्या मावशींना त्यानं तक्ता वाचून दाखवला. वर सगळे झारीतले शुक्राचार्य बसलेत, असं म्हणून त्या हसल्या. मग झाडू थांबला.

"नाही काय लिहिता? आलं होतं की फूल."

"कधी?"

"वहिनी गेल्या तेव्हा. तुम्ही तीन आठवडे आला नव्हता. कुंडी कोरडी ठणठणीत, आणि झुडूप नुसतं पांढरंशुभ्र. पाकळ्या मीच झाडल्या."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुमच्या घरात तसं झालेलं. फुलाचं कुठल्या तोंडानं सांगायचं?"

त्या तीन आठवड्यांनी तो कामावर परतला, तेव्हा समुद्रफूल हरभऱ्याएवढं उरलं होतं. त्याला जगवायच्या नादात कुंडीकडे नीट पाहिलंच नव्हतं. फक्त भरभरून पाणी घातलं होतं.

त्यानं झारी उचलली, टाकी खुणेपर्यंत भरली. हात सवयीनं कुंडीकडे वळला आणि हवेतच थांबला. उरलेलं पाणी त्यानं मोरीत ओतलं.

मग 'नाही' खोडून त्यानं लिहिलं: "झुडपाचा दोष नाही. रोज पाणी घालून मीच त्याला फुलू दिलं नाही. तीन आठवडे द्या, कोरडं ठेवतो. तेवढेही देणार नसाल, तर आम्हां तिघांपैकी कुणाला टाकून द्यायचं? सहीनिशी उत्तर द्या."