उत्तरेकडची भिंत

मी एक जुनं, शेतातलं मातीचं घर आहे. मित्रांनो, घर म्हणावं असं माझं आता फारसं उरलेलं नाही. तीन भिंती आहेत, अर्धं छप्पर आहे आणि चौथ्या भिंतीच्या जागी मातीचा ढीग आहे. पावसाळ्यात त्यावर तरोट्याचं तण माजतं. अल्लीपूर गावाकडून येणारी पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट, नाला ओलांडून जिथे संपते, तिथे मी उभं आहे.

शेत किसनरावांच्या घराण्याचं. त्यांच्या आजोबांनी मला बांधलं. नाल्याचं पाणी कधीकधी शेतात शिरायचं, म्हणून त्यांनी आधी काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं घातलं. मग पांढऱ्या मातीत कुटार, म्हणजे भुसा, मिसळून तो गारा माणसांनी पायांनी तुडवला. एक थर वाळला की दुसरा, अशा हातभर जाडीच्या भिंती चढल्या. सागाचे खांब बैलबंडीवरून जंगलातून आले. वर कापूस ठेवायला माळा, समोर लांब ओसरी आणि डोक्यावर कुंभाराने भाजलेली कवेलू. मातीच्या भिंतीला पाणी सोसत नाही, म्हणून वळचण चांगली पुढे काढली होती.

पण कवेलू काही कायमची जागेवर राहत नाहीत. माकडांच्या टोळ्या उड्या मारत जायच्या, कवेलू सरकायची, फुटायची. त्यामुळे दर उन्हाळ्याच्या शेवटी जंगू वर चढायचा. जंगू शेजारच्या गोंडवस्तीतला. किसनरावांच्या शेतात तो तरुणपणापासून कामाला होता. तो फुटकी कवेलू काढून नवी बसवायचा आणि किसनराव स्वतः खालून एकेक कवेलू त्याच्या हातात द्यायचे. दोघांचं बोलणं फार नसायचं. संध्याकाळी दोघं ओसरीवर बसून चहा प्यायचे आणि मला उगाचच नवं झाल्यासारखं वाटायचं.

किसनरावांची पत्नी वारली, मुलगा धीरज हिंगणघाटला बियाण्यांचं दुकान टाकून तिकडेच राहिला. किसनरावही गावातल्या घरी राहू लागले. माझ्या माळ्यावरचा कापूस कमी झाला. ओसरी दिवसभर रिकामी असायची.

त्याच सुमारास, म्हणजे दोन हजार सालाच्या आसपास, गोंडवस्तीसाठी वस्तीशाळा मंजूर झाली. वस्तीतली लहान पोरं पावसाळ्यात नाला ओलांडून शाळेत जाऊ शकत नव्हती. शिकवायला जंगूची मुलगी रक्षा होती. ती बारावी झाली होती. पण शाळा भरवायला जागा कुठे होती? जंगू संकोचत किसनरावांकडे आला.

किसनराव म्हणाले, "ओसरी रिकामीच पडून हाय ना. बसू दे पोरायले. बाजूची खोलीबी घ्या."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. रक्षा सकाळी ओसरी शेणाने सारवायची आणि मग शिकवायला बसायची. पोरं घरी गोंडी बोलत. पुस्तकातली मराठी त्यांना कळली नाही, की रक्षा आधी गोंडीत सांगायची, मग मराठीत. जी पोरं पहिल्या दिवशी खांबाआड लपली होती, ती महिन्याभरात मोठ्याने पाढे म्हणू लागली. तपासणीला आलेले साहेब एप्रिल महिन्याच्या उन्हात खोलीत शिरले आणि म्हणाले, "टिनाच्या शाळेपेक्षा इथं किती थंड आहे." त्या संध्याकाळी ओसरीवर जंगूने किसनरावांना हे दोनदा सांगितलं.

चौथ्या वर्षी किसनराव लकव्याने गेले. जंगूचे गुडघे तोवर पार गेले होते. त्या उन्हाळ्यात कवेलू फेरायला कोणीच वर चढलं नाही. पहिल्याच पावसात खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर वरून खाली एक काळा ओघळ उमटला. आठवडाभरात तो पसरत जोत्यापर्यंत आला.

धीरज पेरणी पाहायला आला, तेव्हा रक्षाने त्याला गाठलं.

"धीरजभाऊ, भिंतीत पानी मुरून राह्यलं. एखादा मानूस चढवून कवेलू नीट करून घ्या."

धीरजने वर बघितलं. "यंदा राहू दे रक्षा. दिवाळीनंतर हे पाडायचंच हाय मले. तुह्या शाळेलेबी तोवर दुसरी खोली भेटंल."

रक्षाने मग पोरांना त्या भिंतीपासून लांब बसवायला सुरुवात केली. एरवी पोरं ओसरीतच असत. पण पाऊस आडवा आला की त्यांना खोलीत घ्यावंच लागे.

श्रावणात झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. माझ्या भिंतीत आतवर पाणी शिरत होतं, तुडवून घट्ट केलेली माती पुन्हा चिखल होत होती आणि मला काहीच करता येत नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी पोरं खिचडी खात होती. रक्षाचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंत मध्येच पोटासारखी फुगली होती.

ती ओरडली नाही. हळू आवाजात गोंडीत काहीतरी म्हणाली, आणि पोरं ताटल्या तिथेच टाकून पावसात पळाली. तिने बाहेर येऊन डोकी मोजली. एक कमी होतं. गुंजन नावाची सहा वर्षांची पोरगी ताप होता म्हणून आतल्या कोपऱ्यात घोंगडी घेऊन झोपली होती.

रक्षा आत शिरली. तिने गुंजनला घोंगडीसकट उचललं आणि दारातून बाहेर ढकललं. तेवढ्यात भिंत बसली. भिंतीबरोबर माळ्याचा फाटा, ती जाड लाकडी तुळई, खाली आला आणि रक्षाच्या पायावर पडला.

वस्तीतले लोक धावत आले. जंगू गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उकरत होता. रक्षाला बंडीत घालून चिखलातून रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून हिंगणघाटला. तिचा जीव वाचला. पाय मात्र सरळ झाला नाही.

शाळा काही दिवस चिंचेखाली भरली, मग बंद पडली. थोडी पोरं अल्लीपूरला जाऊ लागली. बाकीची ढोरांमागे गेली. गुंजनही त्यांतच.

दिवाळी आली, गेली. धीरजने मला पाडलं नाही आणि उभंही केलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तो एकदा आला. रक्षा काठी टेकत पांदणीने चालली होती. त्याला पाहून थांबली.

धीरज म्हणाला, "एक सांगू? तू सांगायच्या आधीच मी तो ओघळ पाह्यला होता."

"मग काऊन नाई केलं?"

धीरजने मातीच्या ढिगातला कवेलूचा एक तुकडा उचलला. "वाटलं, एक पावसाळा निघून जाईल."

"मलेबी तेच वाटलं," रक्षा म्हणाली. "नाईतर पोरायले घेऊन आत बसली असती काय मी?"

मग ती वस्तीकडे निघून गेली. धीरजही गेला.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. पण तुम्ही ज्या खोलीत बसता, तिच्या भिंतींकडे आज एकदा नीट बघा. ओल दिसली तर मोठ्यांना सांगा. त्यांनी मान हलवून सोडून दिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा, आणि तोवर तिथे बसू नका. भिंतीला वेळेवर बोलता येत नाही. तुम्हाला येतं.