चेनकव्हरवरचं पान

पिंपळाच्या पानाचं टोक नवव्यांदा उचललं गेलं, तेव्हा आनंदरावांनी कटिंग मशीनसमोर चक्क हात जोडले.

"माय, काय चुकलं तं सांग," ते म्हणाले. "सकाळपासून तुले पुसलं, तेल देल्लं, नागपूरवरून नवं पातं आणलं. आता काहून रुसून राहिली?"

मशीन काही बोलली नाही. कोपऱ्यात सुई घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी रुखमिणीबाई मात्र बोलल्या. "तिले हात जोडता. मले तं कधी नाही जोडले."

वरठीच्या स्टेशन रस्त्यावर 'आनंद रेडियम' हे दुकान आहे. गाड्यांच्या काचांवरची नावं, नंबर, 'आई-बाबांचा आशीर्वाद' असलं सगळं ज्या रंगीत चिकट कागदातून कापतात, त्याला तिकडे सरसकट रेडियम म्हणतात. मशीन कापायची आणि रुखमिणीबाई अक्षरांच्या आजूबाजूचा नको तो कागद सुईने सोलून काढायच्या. तांदळातले खडे वेचण्यात जन्म गेलेल्या बाईला ते काम काय कठीण! वीतभर उंचीची अक्षरं दोघं गप्पा मारत उरकायची. पण आजचं पान अंगठ्याच्या नखाएवढं होतं. त्यात नऊ शिरा, खाली केसासारखं निमुळतं टोक आणि त्याच्याखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत 'परसराम'. आणि हे सगळं चार वाजायच्या आत व्हायला हवं होतं.

काम आणलं होतं लीलाबाईंनी, परवा. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं सायकलचं चेनकव्हर त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "जय भीम भाऊ. वळखलं का?"

आनंदराव आपलं काम ओळखणार नाहीत तर काय! तेव्हा ते पेंटर होते. पोलादाच्या कारखान्याच्या स्टँडवर शेकडो काळ्या सायकली एकसारख्या उभ्या असायच्या, आणि ड्युटी सुटल्यावर आपली कुठली हे कळावं म्हणून कामगार त्यांच्याकडून चेनकव्हरवर नाव लिहून घ्यायचे. कुणी मोर काढून घ्यायचं, कुणी त्रिशूळ. लीलाबाईंच्या नवऱ्याने, परसरामने, पिंपळाचं पान मागितलं होतं. पिवळ्या तेलरंगातलं ते पान, ते नाव, आणि अगदी खाली पेंटरची खूण म्हणून मुंगीएवढा 'आ'. वीसेक वर्षं झाली, तरी रंगाला तडा नव्हता. परसराम जाऊन चार वर्षं झाली होती. सायकल भंगारात गेली, पण त्याआधी लीलाबाईंनी स्क्रू काढून कव्हर ठेवून घेतलं होतं.

"आमच्या पोरीले, तृप्तीले, नर्सची नोकरी लागली, नाकाडोंगरीले," त्या म्हणाल्या. "मंगळवारी चार वाजता ऊन उतरलं की निघते स्कुटीनं. बुधवारी हजर व्हाचं आहे. तिच्या गाडीवर असंच पान काढून द्या. मोठं नको म्हणते पोरगी, लाजते. एवढंच. अन् मशीनचं नाही भाऊ, तुमच्या हातचं."

"होऊन जाईन," आनंदराव म्हणाले.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा खोटं बोलला की कसा अडकतो ते पाहायचं असेल, तर आनंदरावांना पाहावं. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. हे रुखमिणीबाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना ते सांगायचे, "आता मशीन आहे, हातचं कोण करते बापा?" आणि लोकांना ते पटायचं. पण लीलाबाईंनी सरळ हातच मागितला. आनंद पेंटर म्हणून त्यांची आठवण ठेवणारं माणूस दुकानात कितीतरी दिवसांनी आलं होतं. त्या माणसासमोर 'हात गेला' हे शब्द तोंडातून निघेनात. म्हणून त्यांनी ठरवलं, कव्हरचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर रेघ न् रेघ तशीच गिरवायची, जुन्या तेलरंगासारखा पिवळा कागद निवडायचा आणि गुपचूप मशीनने कापून द्यायचं. गिरवताना सगळं घेतलं, फक्त तो 'आ' सोडला. तेवढं खोटं त्यांच्याने होईना.

आणि आता मशीनच ऐकत नव्हती. जाड पात्याने शिरा फाटल्या, म्हणून बारीक कामाचं अणकुचीदार पातं बसवलं. दाब कमी केला. बैलगाडीच्या चालीवर चालेल इतका वेग उतरवला. शिरा साधल्या, पण टोक? दर वेळी गोल व्हायचं, आणि सोलताना मुळासकट उचललं जायचं.

"जुन्या पात्यानं टोक तरी धड येत होतं," रुखमिणीबाई म्हणाल्या. "नव्यानंच घात केला."

आनंदराव थबकले. मग एकदम हसले. "अवो, लांब केसाचा ब्रश!"

"कोणता ब्रश?"

"नवा लांब केसाचा ब्रश घेतला की माहे कोपरे गोल व्हायचे. काहून, तं हात वळते पहिले, अन् केसाचं टोक मागून येते. जेवढे केस लांब, तेवढा उशीर. मंग मी कोपऱ्यावर थोडा पुढं जाऊन ब्रश फिरवत होतो. हे पातंही तसंच मागून येते. जुन्यापेक्षा जास्त मागून. अन् मशीन बिचारी अजून जुन्याच हिशेबानं वळून राहिली!"

पात्याचं टोक ते धरणाऱ्या दांडीच्या मध्यापासून किती मागे चालतं, त्याचा आकडा मशीनला द्यावा लागतो. तो जुन्या पात्याचाच राहिला होता. आनंदरावांनी नवा आकडा भरला आणि आधी एक बारका चौकोन कापून पाहिला. चारही कोपरे चोख आले. पान कापलं, तर टोक अगदी कव्हरवरच्यासारखं. त्यांना इतका आनंद झाला की जणू हातच परत मिळाला.

पण मे महिन्याचं ऊन थोडंच सोडणार होतं! पत्र्याखाली कागदामागचा डिंक पातळ झाला होता. सुईने उचललेली शीर पुन्हा जाऊन चिकटायची. साडेतीन वाजले. रुखमिणीबाईंनी कागद स्टीलच्या डब्यात घातला आणि शेजारच्या पानठेल्यावरच्या फ्रीजमध्ये, पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध ठेवून आल्या. दहा मिनिटांनी डबा आणून, गारवा आहे तोवर त्यांनी एका दमात सगळं सोललं. नऊच्या नऊ शिरा मोकळ्या झाल्या. आनंदरावांनी मशीनला जोडलेले हात आता बायकोकडे वळवले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, पण लाजल्या.

चारला मायलेकी आल्या. स्कुटीला मागे बॅग बांधलेली होती. आनंदरावांनी काम पुढे केलं आणि घाईघाईने म्हणाले, "तृप्ती, तूच लाव बाई. गाडी तुही आहे."

तृप्तीने हेडलाइटखाली जागा पुसून घेतली आणि शीर शोधून सुई टोचणाऱ्या सवयीच्या बोटांनी पान आणि नाव एका झटक्यात बसवलं. लीलाबाईंनी चेनकव्हर शेजारी धरलं. कितीतरी वेळ दोन्ही पाहिलं, अंगठा फिरवला.

"हुबेहूब," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "पण भाऊ, खालचा 'आ' कुठी गेला?"

आनंदराव रस्त्याकडे पाहू लागले. मग त्यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि सर्वांसमोर धरला. तो थरथरत होता.

"तो हातच्या कामाखाली टाकतो मी. हे मशीनचं आहे लीलाबाई. मी खोटं बोललो."

"मले मालूम आहे," लीलाबाई म्हणाल्या. "परवा रुखमिणीबाईनं चहा देल्ला. माहा पिऊन झाला, तुमचा थंडा झाला, पण तुमी कप काही उचलला नाही."

"मंग तवाच म्हणाचं होतं ना, मशीनचं चालते म्हणून."

"हातचं पाहिजे हे आधीच बोलून बसली होती मी. मागं घेतलं असतं तं तुमाले लागलं असतं." त्यांनी कव्हरवरच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे टाका आता. याच्याबिगर ते तृप्तीच्या बाबाचं पान नाही वाटत."

आनंदराव आत गेले. मशीनने आजवर कापलेलं ते सगळ्यात लहान अक्षर असेल. रुखमिणीबाईंनी श्वास रोखून ते सोललं. तृप्तीने हात पुढे केला.

"नाही," आनंदराव म्हणाले. "हे मी लावतो."

डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून ते स्कुटीसमोर बसले. मुंगीएवढा तो 'आ' एकदा पानाजवळ गेला, मागे आला, पुन्हा गेला आणि चिकटला.

"तिरपा झाला," ते म्हणाले. "थांब, दुसरा कापून देतो."

"राहू द्या काका, मस्त आहे," तृप्ती म्हणाली. ती त्यांच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली आणि तोंडाला ओढणी बांधून निघाली. स्कुटी रेल्वे फाटकाकडे वळून दिसेनाशी झाली, तरी लीलाबाई चेनकव्हर पोटाशी धरून उभ्याच होत्या. आता घरी जाऊन त्यांना एकटीचाच स्वयंपाक करायचा होता.

"बसा बाई," रुखमिणीबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि चहा आणला. एक कप लीलाबाईंना दिला, एक आनंदरावांसमोर ठेवला.

आनंदरावांनी दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला. त्यांनी तो पुसला नाही, आणि उरलेला ते गरम असतानाच प्यायले.