डाव्या तोंडाचा राजा

"फिरलं! राजाचं तोंड फिरलं!" हंबीररावांच्या अंगणात एकच गलका उठला. त्यांच्या नव्या सुनेनं, पूजानं, मूठ उघडली होती. तिच्या हातात भंडाऱ्यानं माखलेलं नाणं होतं. मघाशी उजवीकडे बघणारा त्यावरचा राजा आता डावीकडे बघत होता.

"उजव्या सोंडेचा गणपती कसा कडक? तसाच ह्यो डाव्या तोंडाचा रोमन राजा!" मेंढ्या का मरतात ते सांगायला बोलावलेला डावरा महाराज गरजला. "मेंढ्या का मरत्यात ते त्यानं दावलं. पोरीचा पाय पांढरा हाय. आजच म्हायेरी धाडा!"

सासू लीलाबाई लगेच तिची पिशवी भरायला उठली. पोरगी नाणं हातात धरून उभी.

मी साताऱ्याचा शिक्षक. जुनी रोमन नाणी जमवतो. त्यांवरचे राजे बहुतेक उजवीकडे बघतात, डावीकडे बघणारा क्वचित; या महाराजाकडे तसा आहे असं ऐकून, त्याच्याच हावेनं मी माण तालुक्यापर्यंत आलो होतो. पण नाणं गेलं चुलीत! माझं डोकं सणकलं. या भोंदूच्या शब्दावर पोरीला घराबाहेर काढता?

मी नाणं घेऊन शर्टाला पुसलं. कडेची अक्षरं सगळी उलटी, आरशात दिसतात तशी!

"हंबीरराव, ग्रामपंचायतीच्या रबरी शिक्क्यावर अक्षरं कशी असतात?"

"उलटी. तवाच कागदावर सुलटी उमटत्यात."

"याच्या कारागिरानं उजव्या तोंडाचं नाणं बघून ठशावर जसंच्या तसं कोरलं. दाबल्यावर अक्षरंही उलटली आणि तोंडही. राजा फिरला नाही, यानं नाणं बदललं! पहिलं त्या भंडाऱ्याच्या पिशवीत असणार."

"पिशवीला हात लावशील तर भस्म हुशील!"

"होतो की!" मी पिशवी पालथी केली. उजवीकडे बघणारा राजा मातीत पडला. महाराज मागं सरकला.

"मग मेंढ्या वं, सर?" हंबीररावांनी विचारलं.

"लस टोचली होती?"

"दवाखान्याचा माणूस आलता. महाराज नको म्हनला."

लीलाबाईनं तोंडाला पदर लावला. "आमाला काय ठावं गं, पूजा?"

"मला ठावं हुतं, आत्याबाई. पयलं नाणं जड हुतं. भंडाऱ्यात बुडवून परत दिलं ते हलकं. पर मला कुणी इचारलं?"

मला राहवेना.

"अरे, कुठल्या मुलखातल्या मेलेल्या राजाला कौल लावता, आणि घरातल्या जित्या माणसाला विचारत नाही? लाज वाटू द्या! याला पोलिसात द्या, मेंढ्यांना लस द्या. आणि त्याआधी या पोरीची माफी मागा!"