आमसूल म्हणजे?

वैशाखातलं ऊन अंगणात उतरलं होतं. लाल ऊन, लाल रातांबे, लाल हात. माझी बायको मनोरमा रातांब्यांची सालं चटईवर पसरत होती, त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पसरत होती. साल रस पितं, सुकतं, पुन्हा पितं. अशी पुटं चढत चढत त्याचं काळं, आंबट आमसूल होतं.

"अहो," ती म्हणाली, "आमसूल म्हणजे काय हो?"

मी हसलो. "मग सकाळपासून काय पापड करतेयस?"

तिनं हातातलं साल उलटंपालटं करून पाहिलं. "हे होय? आणि हे कशाला लागतं?"

ती थट्टा करत नव्हती.

मग वर्षानुवर्षं शब्द जात राहिले. विळी गेली. मीठ गेलं. जास्वंद गेली, चिमणी गेली. सगळ्यांचं एकच नाव उरलं: ते. ते आणा. त्यातलं ते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, गाव विचारलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं. "मेमरी उत्तम आहे. वय झालं, काका!"

पुण्यात मेंदूचा फोटो काढला तेव्हा कळलं. हाही डिमेन्शियाच, पण कमी आढळणारा. यात आठवणी बराच काळ राहतात. शब्दांचे अर्थ आधी जातात.

कोणाला समजावू? लेकीच्या लग्नात कोण रुसलं ते तिला पाठ, आणि मीठ म्हणजे काय ते ठाऊक नाही!

"तुम्हाला ओळखते ना, भावोजी?" शेजारची कुंदावहिनी म्हणायची. "मग कसला आलाय आजार?"

रोज तिच्या तळहातावर मी साल ठेवायचो. आमसूल.

"आमसूल," ती म्हणायची, गोड, स्पष्ट. "म्हणजे?"

पुन्हा आमसूल. पुन्हा म्हणजे? अंगणातलं साल रस पिऊन काळं होत होतं. तिच्यावर मी शब्दाची पुटं चढवत होतो. एकही मुरत नव्हतं.

'ते' सोडून एकच शब्द टिकला. अहो.

या वैशाखात ती खाटेला खिळली होती. मी अंगणात सालं पसरत असताना तिनं हाक मारली. "अहो, ते..."

पाणी नेलं. चष्मा नेला. गोधडी नेली. आमसूलसुद्धा नेलं. दर वेळी मान हलली: नाही.

"अहो, ते."

ऊन भिंतीवरून उतरायच्या आत ती गेली.

कुंदावहिनी अजून विचारते, "शेवटी तिला झालं तरी काय होतं?"

ते म्हणजे काय, मला कळलं नाही. अंगणातल्या सालांना एक पूट द्यायचं राहिलं आहे.