शुक्रवारचे कटलेट

मरोळच्या गावठाणात मला सगळे सोमवारवाली म्हणतात. सोळा वर्षं झाली, सोमवारी माझ्या घरात अंडंसुद्धा येत नाही. माझा नवरा गुणाजी मालवणचा, ताटात मासा नसला की त्याचं तोंड वाकडं. पण सोमवारी तोही मुकाट आमटीभात गिळतो. एवढी माझी धास्ती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की या सुलक्षणाला बिचारीला उपास म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. चांगलं ठाऊक होतं.

आमच्या समोरच्या घरात उर्सुलामाय राहते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईची मूळची ख्रिस्ती, सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. यंदा फेब्रुवारीत तिनेच मला म्हटलं, "लेंट लागतोय गो. दर शुक्रवारी देवळात क्रुसाची वाट असते. सुटल्यावर लोकांना भूक लागते. तू फाटकाशी काहीतरी विकत का नाहीस?"

लेंट म्हणजे त्यांचा उपासाचा काळ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, आणि क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेची प्रार्थना. शुक्रवारी मटण नाही, कोंबडी नाही. मासे मात्र चालतात. हे ऐकून मी मनातल्या मनात हसले होते. मासे चालतात तर तो उपास कसला? आमच्याकडे संकष्टीला कांदा चिरायला घेतला तरी सासूबाई सुरी काढून घ्यायच्या.

उर्सुलामायचं मात्र वेगळं होतं. तिने चाळीसही दिवस सगळं सोडलं होतं. मटण, मासे, गोडसुद्धा. तिची मुलगी डॅफ्नी बोरिवलीला असते. दोनदा दिवस राहिले नि दोनदा गेले. आता तिसऱ्यांदा दिवस होते, सहावा महिना लागला होता. "तिचं नीट होऊ दे, एवढंच मागितलंय," माय म्हणाली. "शुक्रवारी पेजेबरोबर काहीतरी तोंडी लावायला लागतं. ते मी तुझ्याच हातचं खाईन. उपास पाळणाऱ्या बाईच्या हातचं."

मी फुगले. का फुगणार नाही?

पहिल्या शुक्रवारी दोन जिन्नस नेले. गोडाला पॅनकेक, म्हणजे आमचंच घावन, आत गूळखोबऱ्याचं चून भरून गुंडाळलेलं. तिखटाला बटाटा-वाटाण्याचे कटलेट. पॅनकेक दहा मिनिटांत संपले. कटलेट अर्धे उरले. शाळेतून रिटायर झालेल्या क्रियाडो टीचरनी एक खाल्लं आणि सरळ तोंडावर म्हणाल्या, "अळणी आहेत गं. काहीतरी कमी आहे."

मला अळणी म्हणतात! अख्खा आठवडा मी घरात भांडी आपटत होते. मीठ वाढवलं, आलं-मिरची वाढवली, पुदिना घातला, पण चव जिथल्या तिथे. शेवटी वाण्याकडे गेले तेव्हा समोर सूपचे क्यूब दिसले, चांदीच्या कागदातले. पाकिटावर कोंबडीचं चित्र. मागे काय लिहिलंय तेही वाचलं, चष्मा लावून वाचलं. कोंबडीचा अर्क. म्हटलं, अर्क म्हणजे काही मांस नव्हे. आणि त्यांना काय, ते तर एरवी खातातच की.

एका घाण्याला दोन क्यूब. दुसऱ्या शुक्रवारी कटलेट हातोहात गेले. तिसऱ्या शुक्रवारी लोक आधीच सांगून ठेवायला लागले. "काय घालतेस गं यात?" क्रियाडो टीचरनी विचारलं. मी तोंड वर करून म्हटलं, "हाताची चव, दुसरं काय."

आता सांगायची लाज वाटते ते हे. त्या कटलेटांसाठी मी एक जुनी कढई वेगळी काढली होती. सिंकखाली, फडक्यात गुंडाळून ठेवायची. माझ्या सोमवारच्या बटाट्याच्या काचऱ्या त्यात होऊ नयेत म्हणून. गुणाजीने एकदा विचारलं, ही कढई इथे का? मी म्हटलं, तुझं काय जातंय. क्यूबचे कागदही मी कचऱ्याच्या तळाशी दाबायची. कुणी बघितलं तर, असं मनात यायचं, आणि तरी मी घालायचीच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ते हेच.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी सकाळी मायचं दार उघडं दिसलं म्हणून आत गेले. ती बाहेर जायचा फ्रॉक घालून खुर्चीत बसली होती, हातात जपमाळ. डोळे सुजलेले. रविवारी रात्री डॅफ्नीला रक्त जायला लागलं होतं. हॉस्पिटलात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणत होते, काही सांगता येत नाही.

"फादरकडे कन्फेशनला जातेय," माय म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलंय."

"तुझं काय चुकणार?"

"मागच्या रविवारी शेजारी बारसं होतं. दोदोलचा गोड तुकडा हातावर ठेवला त्यांनी. मी जिभेला लावला नि परत ठेवला. आणि त्यांच्या घरातून मटणाचा वास आला तेव्हा मनात आलं, एक घास मिळाला तर." तिने जपमाळ मांडीवर ठेवली. "देवाला शब्द दिला आणि मन तिकडे गेलं. पोरीला भोगायला लागतंय."

मी तिची काठी उचलून तिच्या हाताशी ठेवली.

"फक्त तुझे कटलेट तेवढे निर्धास्त खाल्ले बघ," ती म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

मी तिला देवळापर्यंत हात धरून सोडलं. तिला फाटकात सोडून घरी आले, कढई बाहेर काढली आणि घासत बसले. काथ्याने घासली, राखेने घासली. घासून काय होणार होतं? माय तिकडे गुडघे दुखत असताना गुडघ्यांवर बसून दोदोलच्या तुकड्याची माफी मागत होती आणि मी इकडे कढई घासत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हात तसेच ओले घेऊन मी तिच्या पायरीवर जाऊन बसले.

ती आली ती जरा हलकी होऊन आली होती. फादरनी समजूत घातली होती म्हणे. मी तिला बसूसुद्धा दिलं नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. क्यूबचं, कोंबडीच्या चित्राचं, सगळं.

तिने काठी भिंतीला टेकवली. "दर शुक्रवारी?"

"पहिला सोडून."

मला वाटलं शिव्या देईल. तिच्या शिव्या अख्ख्या गावठाणाला माहीत आहेत, त्या मी खुशाल खाल्ल्या असत्या. पण तिने एवढंच विचारलं, "तुझ्या सोमवारी घातलं असतंस?"

"नाही," मी म्हटलं. आणि न विचारता कढईचंही सांगितलं.

"म्हणजे तुला कळत होतं."

"हो."

"मी न कळता खाल्लं. मला त्याचं पाप नाही," ती म्हणाली. "पण तू देवळापर्यंत माझा हात धरून आलीस गो. आणि मला तशीच आत जाऊ दिलंस."

माफ कर म्हटलं. ती "हं" म्हणाली. ते हो होतं की नुसता आवाज होता, मला आजही कळलेलं नाही. आत जाता जाता म्हणाली, "मला सांगितलंस तसं बाकीच्यांनाही सांग. कुणी कशासाठी पाळलं असेल, तुला काय माहीत."

गुणाजीला हे कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "कशाक हात दाखवून अवलक्षण? गप रव. फुडच्या वर्साक घालू नको म्हंजे झाला. कोण बघूक इलो हा?" दोन दिवस मीही स्वतःशी हेच घोकत होते.

गुड फ्रायडेला सकाळी माय ओट्यावरूनच म्हणाली, "डॅफ्नीचं थांबलं. बाळ ठीक आहे." मला हायसं वाटलं. आणि लाज बघा, लगेच मनात आलं की चला, काही बिघडलं नाही, मग आता कुणाला सांगायची काय गरज? मी मायच्या तोंडाकडे बघितलं. ती आत गेली.

दुपारी क्रुसाची वाट गावठाणाच्या गल्ल्यांतून फिरून देवळाशी आली. ऊन मी म्हणत होतं. मी फाटकाशी उभी राहिले, टोपली न घेता. रिकामे हात कुठे ठेवावेत ते सुचेना.

"आज कटलेट नाहीत?" पहिल्या क्रियाडो टीचरच आल्या.

मी सांगितलं. बोलताना माझी नजर त्यांच्या चपलांवरच होती. त्या हसायलाच लागल्या. "एवढंच ना? अगं, चिमूटभर क्यूबने काय होतंय. वेडी आहेस तू." माझ्या खांद्यावर थाप मारून गेल्या. इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिथूनच घरी पळावं. म्हटलं, झालं, सांगितलं एकीला.

तेवढ्यात एक तरुण बाई पुढे आली. दर शुक्रवारी चार कटलेट बांधून न्यायची. नावही कधी विचारलं नव्हतं मी. तिलाही सांगितलं.

ती हसली नाही. "ते पप्पांसाठी होते," ती म्हणाली. "पंच्याऐंशीचे आहेत. दोन वर्षं अंथरुणात आहेत. डॉक्टरनी उपास करू नका म्हणून सांगितलंय, पण ते ऐकत नाहीत. लहानपणीच्या पहिल्या कम्युनियनपासून एक शुक्रवार मोडला नाही, असं येईल त्याला सांगतात. तुमचे कटलेट आले की आधी विचारतात, यात काही नाही ना? मी सांगायची, हिंदू बाई आहे पप्पा, ती स्वतः सोमवार करते."

मी म्हटलं, "मला माफ करा. त्यांना नका सांगू. या वयात कशाला."

"मी नाहीच सांगणार," ती म्हणाली. "मी त्यांना पाच शुक्रवार खात्री दिलीय. आता तुम्ही या आणि सांगा. हे काय, विहिरीपलीकडेच राहतो आम्ही. जागे असतील आत्ता."

मागे बायका थांबल्या होत्या, त्यांनाही सांगायचं होतं. मी त्यांना म्हटलं, थांबा, येते मी. आणि पदर डोक्यावर घेऊन तिच्या मागून चालायला लागले.